गोलकीपरची पाठ आणि घरचे डॉक्टर

मला टीबी झाला होता. पाठीच्या मणक्याचा.

हे एवढं वाक्य आपल्या मराठी चारचौघांत म्हणायला मला दीड वर्ष लागलं. आत्ता लिहितानाही आई कानाशी येऊन बोलतेय असं वाटतंय, "अगं, झालीस ना बरी? मग कशाला उकरून काढतेस?" याचसाठी काढतेय, आई. मी आजारी होते तेव्हा ओळखीपाळखीत, इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर, कुठेही एक मराठी माणूस मला सापडलं नाही, जे म्हणेल की हो बाई, मलाही झाला होता, गोळ्या खाल्ल्या आणि बरी झाले. आपल्याकडे कोणाला टीबी होतच नाही म्हणे. कोणाला "अशक्तपणा" असतो, कोणाला "जुना खोकला" असतो. आमच्या घरी स्लिप डिस्क होती.

मी मुग्धा. लंडनजवळ वॉटफर्डला राहते. दिवसा कौन्सिलच्या हाउसिंग ऑफिसात बसून लोकांच्या घरांतल्या ओल आलेल्या भिंतींच्या तक्रारी ऐकते, आणि आठवड्यातल्या दोन संध्याकाळी आणि रविवारी इथल्या एका छोट्या महिला संघाची गोलकीपर असते. आम्ही मूळचे कोल्हापूरचे. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय असतं हे पुण्यामुंबईच्या लोकांना समजावण्यात अर्थ नाही. पेठेपेठेचा संघ असतो आणि संघ हरला की त्या पेठेत कोणाला जेवण जात नाही. मी नऊ वर्षांची असताना बाबांना इथल्या हॉस्पिटलात नोकरी मिळाली, तेव्हा ते वेड सामानासोबत विमानात बसून आलं.

बाबा डॉक्टर. हाडांचे. हे लक्षात असू द्या.

*

आणि ओदील. तिच्याशिवाय ही हकीगत सांगता येत नाही.

ओदील फ्रेंच. उत्तर फ्रान्समधल्या समुद्रकाठच्या एका गावात वाढली. गावात मुलींचा संघ नव्हता म्हणून मुलांमध्ये खेळायची, आणि गोलमध्ये उभं राहायला कोणीच तयार नसे म्हणून त्यांनी हिला उभी केली. पुढे कित्येक वर्षं सकाळी सायकलवरून टपाल वाटायचं आणि संध्याकाळी सराव. मग मोठा क्लब, मग फ्रान्सचा राष्ट्रीय संघ, मग इंग्लंड. गुडघे कुरकुरायला लागले तशी एकेक पायरी उतरत ती आमच्याकडे आली. नवीन मुली तिला हमखास विचारायच्या, "फ्रान्ससाठी किती मॅचेस खेळलीस?" ती म्हणायची, "सहा वर्षं." प्रश्न मॅचेसचा आणि उत्तर वर्षांचं. पण तिच्या चेहऱ्याकडे बघून पुढे विचारायची कोणाची छाती होत नसे.

चार वर्षं मी तिच्यामागे बेंचवर बसले. थंडीत, पावसात, पायावर पांघरूण घेऊन. मग ती निवृत्त झाली, कीपरांची कोच झाली आणि एक नंबरची जर्सी माझ्या अंगावर आली. आणि त्याच सीझनला माझी पाठ दुखायला लागली. आता सांगा, मी कोणाला सांगणार होते? चार वर्षांनी मिळालेली जागा पाठ दुखते म्हणून सोडायला मी काय वेडी होते?

बाबांना सांगितलं. आमच्या घरात दुखलं-खुपलं की बाबांनाच सांगायचं, हा नियम. इथे येऊन आम्हाला वीस वर्षं झाली पण आमच्यापैकी कोणी जीपीकडे, म्हणजे इथल्या सरकारी फॅमिली डॉक्टरकडे, गेल्याचं मला आठवत नाही. जीपी लोकांसाठी. आमच्या घरी लाउंजच्या कपाटात औषधांचा खण आहे, दर खेपेला कोल्हापूरहून भरून आणलेला, आणि बाबांचे मित्र आहेत, कोणी हृदयाचा, कोणी कानाचा. फोन केला की काम होतं. डॉक्टरांच्या घरची माणसं रांगेत बसत नाहीत, असा सगळा तोरा.

बाबांनी मला लाउंजच्या कार्पेटवर पालथं झोपवलं, दोन ठिकाणी अंगठा दाबला, टीव्हीवर मॅच चालू होती. "मसल आहे गं. कीपर आहेस, पडणार, दुखणार. जेल लाव." संपली तपासणी.

पूर्ण हिवाळा मी जेल लावलं. रात्री घामाने दुलईचं कव्हर भिजायचं, आई दुसऱ्या दिवशी धुवायची आणि म्हणायची, हीटिंग कमी कर. वजन उतरलं. त्यावर आई काय म्हणाली असेल? "बारीक झालीस, छान दिसतेस. फोटो काढून घेऊ या आता." आणि खरंच काढला, साडीत, बायोडेटासाठी. तो फोटो अजून तिच्या फोनमध्ये आहे. त्यात माझा मणका आतून कुजत होता आणि मी गालाला खळी पाडून हसतेय. तो फोटो आठवला तरी माझं डोकं फिरतं.

दुखणं अंगावर काढणं आपल्याकडे गुण समजतात. काय डोंबलाचा गुण!

*

ओळखलं ओदीलने. हाडांच्या डॉक्टरने नाही, टपाल वाटणाऱ्या बाईने.

एका मंगळवारी सरावात ती मला सारखी खालचे बॉल मारत होती आणि मध्येच थांबली. "तू उठताना हात का टेकतेस?" ती इंग्रजीच बोलते, पण फ्रेंच ठसक्याचं, मी इथे मराठीत सांगतेय. मी म्हटलं, पाठ जरा धरलीय. "किती दिवस?" म्हटलं, झाले थोडे. ती पुढे आली, माझ्या पाठीवरून तळहात फिरवला आणि एका जागी थांबली. तिथे बारीकसा उंचवटा होता. महिनोन्‌महिने जेल चोळलेला उंचवटा. "पंचवीस वर्षं मी कीपरांच्या पाठी बघतेय," ती म्हणाली. "ही कीपरची पाठ नाही. ही आजारी पाठ आहे. बूट काढ, गाडीत बस."

ए अँड ईमध्ये, हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत, ती माझ्याशेजारी पाच तास बसली, शिनपॅड्ससकट. मध्ये बाबांचा फोन आला. त्यांना काळजी कशाची, तर "तिकडे कशाला गेलीस? मला सांगायचं होतंस, मी आपल्या माणसाकडून एमआरआय करून घेतला असता." मी म्हटलं, "तुम्हालाच सांगितलं होतं, बाबा."

स्कॅन झाला, मला दाखल करून घेतलं, सुई घालून मणक्यातला तुकडा काढला. आणि मग एका सकाळी तरुण रजिस्ट्रार डॉक्टर आली, खुर्ची ओढून बसली. इथले डॉक्टर खुर्ची ओढून बसले की समजावं. आई-बाबा दोघं हजर होते. बाबांच्या गळ्यात त्यांच्या स्वतःच्या हॉस्पिटलच्या ओळखपत्राचा लॅनयार्ड होता, लेकीला भेटायलासुद्धा कन्सल्टंट म्हणून आले होते. ती म्हणाली, टीबी. मग विचारलं, "घरात कोणाला कधी होता का? लहानपणी कोणाच्या सहवासात?"

"नो," बाबा म्हणाले.

इतक्या पटकन, की तिचं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं.

मी रडले नाही. मला आधी पटलंच नाही. टीबी म्हणजे जुन्या सिनेमातल्या बाईला होतो, रुमालावर रक्त वगैरे. मला पहिला प्रश्न पडला तो असा की रविवारी गोलमध्ये कोण उभं राहणार.

*

फुफ्फुसात काही नाही ना, हे नक्की होईपर्यंत त्यांनी मला वेगळ्या खोलीत ठेवलं. दारावर पाटी. येणारा प्रत्येकजण मास्क लावून. सकाळी सहाला ब्लडप्रेशर, आठला टोस्ट, दहाला सफाईवाली, मग राऊंड, मग दिवसभर पार्किंगकडे बघत बसणं. टोस्ट दारातून आत यायचा आणि तो आणणारा मुलगा ट्रे ठेवून जवळजवळ पळायचा. त्याचा राग नाही आला मला. त्याला काय माहीत. राग आईचा आला, ती दोन मास्क लावून आली आणि पहिलं वाक्य काय, तर, "मी सगळ्यांना स्लिप डिस्क सांगितलंय. तूही तेच सांग."

"का?"

"का म्हणजे? झाकली मूठ सव्वा लाखाची. तुझं लग्न व्हायचंय अजून. उद्या कोणी म्हटलं यांच्या घरात टीबी आहे, तर?"

"आहेच ना! हा काय इथे बेडवर बसलाय!"

"हळू बोल." तिने दाराकडे बघितलं. "तुझ्या आत्याच्या वेळेसही असंच सांगितलं होतं. काही बिघडलं का कोणाचं?"

बोलून गेली आणि मग तिचा हात मास्कवर गेला.

सुमनआत्या. बाबांची धाकटी बहीण, कोल्हापुरात आमच्याच घरी राहायची. तिचं लग्न झालेलं नव्हतं. का, ते मी कधी विचारलं नव्हतं. मी सात वर्षांची होईपर्यंत तिच्याच कुशीत झोपायचे. लुनावर पुढे उभी करून ती मला मॅचला न्यायची, फुटाण्याची पुडी घेऊन द्यायची आणि रेफरीला अशा शिव्या घालायची की आजूबाजूचे बाप्ये वळून बघायचे. ती खोकायची. मग एके दिवशी ती न्यूमोनियाने गेली. मला तसंच सांगितलं. वीस वर्षं मी लोकांना तसंच सांगत आले.

बाबा तेव्हा डॉक्टर होते. बहिणीला काय झालंय हे त्यांना माहीत होतं, आणि त्यांची लेक तिच्या पांघरुणात झोपते हेही माहीत होतं. एक फोटो काढला असता माझ्या छातीचा, थोडे महिने एक गोळी दिली असती, तर कदाचित हे सगळं टळलं असतं. पण तपासणी करायची म्हणजे कोणाला तरी सांगायला हवं, आणि सांगितलं तर बातमी फुटणार. मग वीस वर्षांनी लेक पाठ दुखते म्हणून समोर पालथी झोपली, तेव्हाही हाडांच्या डॉक्टरला ते आठवलं नाही. की आठवलं आणि त्यांनी ते पुन्हा झाकून ठेवलं? हे मी त्यांना विचारलं. त्या संध्याकाळी, मास्कमधून, ओरडून. नर्स आत आली इतकी ओरडले. बाबा पार्किंगकडे बघत उभे राहिले आणि मग निघून गेले.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आणि दिवा आम्ही स्वतःच फुंकला होता.

*

घरी आले. पाठीला ब्रेस, सकाळी उपाशीपोटी मूठभर गोळ्या. त्या गोळ्यांनी लघवी केशरी होते, हे मला सांगितलं होतं, आईला नव्हतं. तिने कमोडमध्ये बघितलं आणि जी किंचाळली! एवढ्या सगळ्यात मी त्या दिवशी पहिल्यांदा हसले. घामही केशरी, डोळ्यांतलं पाणीही केशरी. पांढऱ्या टीशर्टांचं वाटोळं झालं. तोंडाला चव नाही, वरणभातसुद्धा खडूसारखा लागायचा.

मंडळाच्या सेक्रेटरी शिल्पाकाकू डब्बाभर डिंकाचे लाडू घेऊन आल्या. "स्लिप डिस्कला डिंक फार चांगला हो." माझ्या पलंगावर बसल्या, माझा हात हातात घेतला, त्यांच्या मिस्टरांच्या स्लिप डिस्कची अख्खी कथा सांगितली. मी ऐकून घेतलं. एवढी प्रेमळ बाई, आणि मी तिचाच लाडू खात तिच्याशी खोटं बोलत होते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

दर आठवड्याला टीबी नर्सचा फोन यायचा. मॉरीन तिचं नाव. ती "टीबी" हा शब्द "दूध संपलं" म्हणावं तसा म्हणायची. "कशी आहे आपल्या टीबीची तब्येत? गोळ्या घेतल्यास?" तो फोन हीच माझी आठवड्याची चैन. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की माझा मणक्यातला आहे, फुफ्फुसात नाही, माझ्यापासून कोणाला धोका नाही. मी ते आईला तीनदा सांगितलं. आईने माझं ताट वेगळं काढलं ते काढलंच.

खोट्याचा एक त्रास असा की लोक ते खरं धरून मदत करायला लागतात. क्लबला आईनेच मेसेज केला होता, स्लिप डिस्क म्हणून. क्लबच्या फिजिओने मला स्लिप डिस्कचे व्यायाम पाठवले. मग वेळापत्रक पाठवलं. मग लिहिलं की आता हळूहळू मैदानावर ये. माझ्या मणक्याला ब्रेसशिवाय उभं राहायची परवानगी नुकती मिळाली होती, आणि इकडे माझं नाव सरावाच्या यादीत! मी आईला दाखवलं. वाटलं, आता तरी हिचे डोळे उघडतील. ती म्हणाली, "जाऊन ये. फार दिवस गेली नाहीस तर विचारायला लागतील." तिने माझे ग्लोव्हज धुऊन रेडिएटरवर वाळत घातले होते. आणि बाबा वर्तमानपत्रामागून म्हणाले, "नुसती उभी राहा. डाइव्ह मारू नकोस."

हाडांचे डॉक्टर!

मी गेले. याचा राग मला स्वतःचाच येतो. ओदीलने एक साधा बॉल माझ्या डावीकडे टाकला, अगदी हलका, सहा वर्षांच्या पोरीला टाकावा तसा. शरीर आपोआप तिकडे झुकलं. मी त्याला कसंबसं थांबवलं आणि गोलपोस्टला धरून उभी राहिले. बॉल गोलमध्ये गेला.

"काय झालं?"

"मला स्लिप डिस्क नाहीये. टीबी आहे. मणक्याचा. सगळ्यांना खोटं सांगितलंय."

ओदील एक पाऊलही मागे सरली नाही. ती भडकली. हातातली बॉलची जाळी तिने जमिनीवर आपटली आणि फ्रेंचमध्ये बरंच काही बोलली, ते मला कळलं नाही हे बरंच झालं. मग इंग्रजीत आली. "मी तुला आत्ता खाली पाडलं असतं तर? तुझे पाय गेले असते तर? मी काय केलं असतं, उरलेलं आयुष्य?"

मी म्हटलं, "मला जागा जाईल अशी भीती वाटली. तुला नाही कळणार, तू फ्रान्ससाठी खेळलीस."

"खेळले?" ती हसली, पण ते हसू नव्हतं. "शून्य मिनिटं."

मग गोलच्या मागे ओल्या गवतावर बसून तिने सांगितलं. सहा वर्षं ती राष्ट्रीय संघात तिसरी कीपर होती. तिसऱ्या कीपरने काय करायचं, तर सगळ्यांना सराव द्यायचा आणि फोटोत कडेला उभं राहायचं. सहाव्या वर्षी एका स्पर्धेत पहिलीचं बोट मोडलं आणि दुसरीला ताप भरला. उद्या तू, असं तिला सांगितलं. आणि तिचा खांदा तीन आठवडे निकामी होता. डॉक्टरपासून लपवला होता, घरी पाठवतील म्हणून. मॅचआधीच्या वॉर्मअपमध्ये तिसऱ्याच बॉलला तो निखळला. ऐनवेळी पहिली कीपर मोडक्या बोटाला पट्टी बांधून उभी राहिली, तिच्या हातून दोन साधे बॉल सुटले, संघ हरला. ओदीलला पुन्हा कधीच बोलावलं नाही.

"आई अजून शेजाऱ्यांना सांगते की माझी ओदील त्या दिवशी खेळली," ती म्हणाली. "मी तिला अडवत नाही. पण मला त्याची किळस येते."

मग उठली आणि माझी बॅग तिनेच उचलली. "जागा तुझीच राहील, मी बघते. फिजिओला मी सांगणार नाही. तू सांगायचं. आत्ता."

मी सांगितलं. मग कॅप्टनला, मग चेंजिंगरूममध्ये सगळ्यांना. दोघींनी प्रश्न विचारले, एकीने गुपचूप फोनवर शोधलं, आणि एकीने विचारलं, "मग तू रविवारी कोचिंगला तरी येशील का, कारण आमची बदली कीपर भयंकर आहे." बस. एवढंच झालं. एवढ्यासाठी आमच्या घरात वीस वर्षं दारं लावून बोलत होते.

आईला सांगितलं तेव्हा ती दोन दिवस जेवली नाही. मीही तिला जेव म्हटलं नाही.

*

आजारपण हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं, ते अगदी खरं. माझी मुंगी वर्षभर चालली. गोळ्या संपल्या, स्कॅन चांगला आला, मॉरीनने फोनवर टाळ्या वाजवल्या. मग आणखी कितीतरी महिने जिम, पोहणं, जमिनीवर गादी टाकून पडायला शिकणं. ओदील प्रत्येक वेळी हजर. बदली कीपर खरंच भयंकर होती, ते माझ्या पथ्यावर पडलं.

बाबांशी मी कामापुरतं बोलत होते. त्यांनी माफी मागितली नव्हती आणि मी मागायला सांगणार नव्हते.

परतल्यानंतरची पहिली मॅच रविवारी दुपारी होती. आमच्या मैदानावर गोलच्या मागे एक लोखंडी कठडा आहे, लोक त्याला टेकून बघतात, ते बोललेलं सगळं ऐकू येतं. आई आली नव्हती. बाबा एकटे आले आणि नेमके माझ्या मागे उभे राहिले. शिल्पाकाकूही आल्या होत्या, थर्मासमध्ये चहा घेऊन. खेळ पलीकडे चालला होता. काकूंनी बाबांना चहा दिला, खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या आणि कौतुकाने म्हणाल्या, "काय हो डॉक्टर, स्लिप डिस्कनंतर एवढ्या उड्या मारू देता तुम्ही तिला?"

मी मान वळवली नाही. म्हटलं, सांगा. सांगा आता, डिंकाच्या लाडवांनी बरी झाली म्हणून.

"स्लिप डिस्क नव्हती, वहिनी," बाबा म्हणाले. आवाज इतका बसलेला की मला आधी दुसरंच कोणी वाटलं. "टीबी होता. माझी बहीण त्यानेच गेली. पोरगी तिच्या कुशीत झोपायची. मला माहीत होतं. मी तपासलं नाही."

मी वळले. एवढी वर्षं कीपर आहे, बॉल खेळात असताना पाठ फिरवायची नसते हे मला सहाव्या वर्षी सुमनआत्याने शिकवलं होतं. तरी वळले. बाबांनी कठडा दोन्ही हातांनी धरला होता. शिल्पाकाकू, माझ्या पलंगावर बसून माझा हात धरणाऱ्या शिल्पाकाकू, एक पाऊल बाजूला सरकल्या होत्या. बाबांना ते दिसलं. ते तिथेच उभे राहिले.

आणि माझ्या कानाजवळून बॉल जाळ्यात गेला.

साइडलाइनवरून ओदीलची फ्रेंच शिवी आली, अख्ख्या हर्टफर्डशर परगण्याला ऐकू जाईल अशी. बचावातल्या सेंटर बॅकने दोन्ही हात आभाळाकडे केले. मी बॉल काढायला वाकले, कठड्यापासून हातभर अंतरावर, आणि बाबांचे डोळे माझ्या समोर आले.

"आता सांगताय?" मी म्हटलं. "आता?"

"चुकलो गं," ते म्हणाले. मग त्यांच्यातला कोल्हापूरकर जागा झाला आणि ते खेकसले, "म्होरं बघ की! अजून अर्धी मॅच हाय!"

मी बॉल जोरात मधल्या वर्तुळाकडे मारला. पाठ दुखली नाही.